घातक कचऱ्याच्या कप्प्यातील स्ट्रिप्स : इंदूरच्या एका मराठी मोहल्ल्यातील नशाप्रतिबंधाचे प्रकरण

इंदूरमधील एका जुन्या मराठी मोहल्ल्यात अल्पवयीन मुलांच्या नशेचा प्रश्न सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आला, याचा माग काढताना आम्हाला शाळा, पोलीस आणि पार्षद (नगरसेवक) यांना मागे टाकून थेट महापालिकेच्या कचरागाडीपर्यंत जावे लागले. 2017 पासून स्वच्छतेत देशात अव्वल ठरत आलेल्या या शहरात घरोघरी कचरा वेगळा करून देण्याची सवय अंगवळणी पडलेली आहे. गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक आणि घरगुती घातक असे सहा कप्पे असतात, आणि शेवटच्या कप्प्यात मुदत संपलेली औषधे, फुटके थर्मामीटर, रंगाचे रिकामे डबे असे सामान जाते. एके सकाळी गाडीवरच्या सफाई मित्राने ओट्यावर गवार निवडत बसलेल्या एका आजींना विचारले, "माँजी, आपकी गली में किसको नींद नहीं आती?" आजींना प्रश्न कळला नाही. तेव्हा त्याने कप्प्यातून रिकाम्या स्ट्रिप्सची गुंडाळी काढून दाखवली. सगळ्या एकाच गोळीच्या होत्या.

ती गोळी नायट्राझेपामची, म्हणजे झोपेची होती. ज्या घराच्या पिशवीतून स्ट्रिप्स येत होत्या, त्या घरात कोणी आजारी नव्हते. पुढे उघड झाले ते असे की, नववीत शिकणाऱ्या मुलाच्या दप्तरातून आणि गादीखालून त्याची आई दर दोन-चार दिवसांनी ही रिकामी पाकिटे काढत होती, इंदूरकरांच्या शिस्तीला अनुसरून ती घातक कचऱ्याच्या पिशवीत वेगळी बांधून देत होती, आणि जवळजवळ चार महिने तिने नवऱ्याजवळही याविषयी चकार शब्द काढला नव्हता. या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट मला हीच वाटते. माहिती त्या घरात होती, गाडीवर होती, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे औषधांच्या दुकानातही होती. ती कोणाच्या कानावर घालावी, असे माणूस मात्र त्या बाईला मोहल्ल्यात दिसत नव्हते.

मी स्वतः या मोहल्ल्यात राहत नाही. समाजकार्याच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर, पहिली फसलेली मोहीम संपल्यानंतर, मला तेथे बोलावण्यात आले आणि त्यानंतर सुमारे सव्वा वर्ष मी बैठकांच्या नोंदी ठेवल्या. मोहल्ल्याचे, मंडळाचे, दुकानांचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही, व ओळख पटेल असे काही तपशील बदललेले आहेत.

वस्तीची घडण

होळकरांच्या काळापासून वसलेल्या या भागात एके काळी सरकारी नोकरदार, शिक्षक आणि मिलमधील कारकून व जॉबर यांची घरे होती. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, इतर मिलही एकामागून एक थंडावल्या, पुढची पिढी शिकून पुण्याला आणि बंगळूरला गेली, आणि वाड्यांमध्ये मागे राहिले ते साठीच्या पुढचे लोक. रिकाम्या खोल्यांत खरगोन, खंडवा, देवास येथून आलेली भाडेकरू कुटुंबे राहू लागली. मोहल्ला नावाने मराठी राहिला, परंतु संध्याकाळी गल्लीत खेळणाऱ्या मुलांपैकी निम्मी मुले घरी हिंदी किंवा निमाडी बोलतात. या बदलाचा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध आहे, कारण प्रश्न उघड झाल्यावर पहिले स्पष्टीकरण जे पुढे आले ते "भाडेकऱ्यांच्या पोरांनी आपली पोरं बिघडवली" असे होते. स्ट्रिप्स वेगळ्या बांधून देणारी आई मोहल्ल्यातील चौथ्या पिढीच्या मराठी घरातील सून होती, हे कळल्यावर त्या स्पष्टीकरणाचा आवाज थोडा खाली आला. तो पूर्णपणे कधीच बंद झाला नाही.

नशा म्हटली की माळव्यातील माणसाची नजर आपोआप मंदसौर-नीमचकडे जाते. तेथे सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमचला अफूचा सरकारी कारखाना आहे, आणि त्या पट्ट्यातून होणाऱ्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत नेहमीच येतात. अलीकडे त्यात एमडीची, म्हणजे 2015 मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणलेल्या मेफेड्रोन या कृत्रिम द्रव्याची भर पडली आहे. त्यामुळे मोहल्ल्यातील वडीलधारी मंडळी एखादा अनोळखी तस्कर शोधत होती. प्रत्यक्षात मुलांची नशा दोन अगदी ओळखीच्या दुकानांतून येत होती. लहान मुले पंक्चर चिकटवण्याच्या सोल्युशनची ट्यूब रुमालावर किंवा पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, पिळून हुंगत होती, आणि त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी मुले गोळ्यांवर गेली होती. यात अपवादात्मक असे काही नाही. सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याची द्रव्ये हा एकच प्रकार असा आढळला की ज्यात मुलांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा अधिक होते; 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के, तर प्रौढांत 0.58 टक्के. ट्यूब स्वस्त असते, कोणालाही मिळते, आणि ती विकणे हा गुन्हा नाही.

मुलांची जागा एक वादात अडकलेला वाडा ही होती. मालकांचा दावा कोर्टात, दाराला कुलूप, पण मागच्या न्हाणीघराची भिंत पडलेली. मी प्रथम आत गेलो तेव्हा पडवीत सुकलेल्या सोल्युशनने कडक झालेले रुमाल पडलेले होते आणि कोपऱ्यात एका देवळीत कोणीतरी ट्यूबची झाकणे एकावर एक रचून ठेवली होती, लहान मुले बाटल्यांची बुचे रचतात तशी.

शपथ, फेरी आणि यादी

पहिली बैठक आषाढात गणेश मंडळाच्या हॉलमध्ये झाली. थान्याचे टीआय, म्हणजे ठाणे प्रभारी पोलीस निरीक्षक, आले, पार्षद आले, नशामुक्त भारत अभियानाची शपथ सामूहिकरीत्या घेण्यात आली, फलक घेऊन फेरी निघाली आणि तिचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून आले. या कार्यक्रमाने फारसे नुकसान केले नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

नुकसान केले ते त्यानंतरच्या आठवड्याने. उत्साही तरुणांनी एक दक्षता पथक काढले आणि नशा करणाऱ्या मुलांची यादी तयार केली. चौदा नावांची ती यादी मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. तीत एक सोळा वर्षांचा मुलगा होता, ज्याच्या कपड्यांना नेहमी सोल्युशनचा वास येत असे. तो शाळा सुटल्यावर पंक्चरच्या दुकानावर काम करत होता, एवढेच त्याचे कारण होते. त्याच्या मोठ्या बहिणीची देवासच्या एका घराशी बोलणी चालू होती. यादी देवासला पोहोचली आणि बोलणी थांबली. पुढच्या बैठकीला त्या मुलाची आई आली, हॉलच्या दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्या घरी येऊन एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं." तिला उत्तर देण्यासाठी कोणीही उठले नाही.

यादीचा दुसरा परिणाम असा झाला की ज्या घरांत खरोखर प्रश्न होता, त्या घरांची दारे बंद झाली. चार महिने स्ट्रिप्स वेगळ्या बांधणाऱ्या आईने त्या बांधणेच बंद केले, आणि कचरागाडीवरून मिळणारी एकमेव खूण नाहीशी झाली. तिसरा परिणाम जिवावर बेतला असता. पथकातील तरुणांनी एका रात्री टॉर्च आणि काठ्या घेऊन वाड्याच्या मागून मुलांना पळवले. त्यांतील एक तेरा वर्षांचा मुलगा नुकताच ट्यूब हुंगून उठला होता. तो बोळाच्या तोंडाशी कोसळला. थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला, परंतु त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी पथकाला जे सांगितले ते प्रत्येक मोहल्ल्यात सांगितले गेले पाहिजे. सोल्युशनमधील टोल्युइनसारख्या द्रव्याची वाफ हृदयाला अति संवेदनशील करते. त्या अवस्थेत मूल दचकले, घाबरले किंवा जोराने धावले तर हृदयाचे ठोके एकाएकी बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो, आणि तो पहिल्यांदाच हुंगणाऱ्यालाही येऊ शकतो. हुंगणाऱ्या मुलाजवळ शांतपणे जावे, त्याच्या हातातील वस्तू न हिसकावता त्याला मोकळ्या हवेत आणावे, ओरडू नये, पाठलाग तर मुळीच करू नये. ज्याला आम्ही लोकसहभाग म्हणत होतो, तो त्या रात्री एका मुलाचा जीव घेण्याच्या अगदी जवळ गेला होता. पथक दुसऱ्या दिवशी विसर्जित झाले.

घरातील उपाय आणि दवाखाना

याच सुमारास नववीतील त्या पहिल्या मुलाच्या वडिलांना घरातील गोष्ट कळली. त्यांनी त्याला वरच्या खोलीत कोंडले आणि बाहेरून कडी लावली. हा उपाय आपल्याकडे सर्रास होतो व त्यामागे दुष्टपणा नसतो. परंतु नायट्राझेपाम आणि त्याच्या गटातील गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या माणसाला त्या एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. गोळीचा अंमल शरीरात बराच काळ राहत असल्याने पहिल्या दिवशी काहीच होत नाही आणि घरच्यांना वाटते की उपाय लागू पडला. या मुलाला तिसऱ्या रात्री झटका आला. शेजारच्या वाड्यातील एक निवृत्त कंपाउंडर धावत आले, त्यांनी त्याला कुशीवर वळवले, तोंडात चमचा घालू पाहणाऱ्या आजोबांना बाजूला केले आणि रिक्षातून शासकीय रुग्णालयात नेले. तेथे तो आठ दिवस राहिला.

हाच मुलगा त्याआधी एका खासगी केंद्रात पाठवला जाणार होता, ज्याची माहिती वडिलांना एका नातलगाने दिली होती. त्या केंद्रातून परतलेल्या दुसऱ्या मोहल्ल्यातील एका तरुणाने आम्हाला पाठीवरचे वळ दाखवले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या अवस्था मानसिक आजारात धरलेल्या आहेत, अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थेची नोंदणी आवश्यक केली आहे, आणि अल्पवयीन रुग्णासाठी वेगळ्या अटी घातल्या आहेत. कोणत्याही केंद्राच्या दारात पाऊल ठेवण्यापूर्वी नोंदणीचा कागद मागावा, एवढी एकच गोष्ट मोहल्ल्याने शिकली असती तरी माझ्या मते फेरीपेक्षा ती अधिक मोलाची ठरली असती.

आईच्या चार महिन्यांच्या मौनामागे लाजेइतकीच पोलिसांची भीती होती. आपण तोंड उघडले तर मुलगा तुरुंगात जाईल, असे तिला वाटत होते. एनडीपीएस कायद्याच्या कलम 64अ नुसार सेवनाचा किंवा अल्प मात्रा बाळगण्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती मान्यताप्राप्त ठिकाणी स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. शिवाय अठरा वर्षांखालील मुलांचा विचार बाल न्याय कायद्याखाली वेगळ्या दृष्टीने होतो. हे तिला कोणी सांगितले नव्हते. टीआयंनी हे पुढे एका छोट्या बैठकीत, गणवेश न घालता येऊन, सतरंजीवर बसून सांगितले. त्या दिवशी बायकांनी जितके प्रश्न विचारले, तितके आषाढातील सभेत पुरुषांनीही विचारले नव्हते.

औषधांचे दुकान

या कामासाठी मोहल्ल्यात बनलेल्या समितीची खरी कसोटी येथे लागली. गोळ्या कोठून येतात हे बहुतेकांना ठाऊक होते. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते हे मंडळाचे जुने आश्रयदाते, वर्गणीच्या पावतीपुस्तकातील पहिले नाव, आणि अडीअडचणीला रात्री दोन वाजताही दुकान उघडणारे गृहस्थ होते. त्यांच्याविरुद्ध बोलणे म्हणजे घरातल्याविरुद्ध बोलणे होते, आणि म्हणूनच फेरीच्या घोषणांत "तस्कर" हा शब्द दहादा आला असूनही "दुकान" हा शब्द एकदाही आला नव्हता. लोकसहभागाविषयी लिहिताना आपण जवळिकीला भांडवल मानतो. तिचे व्याज मात्र कधी कधी अशा गप्प बसण्यातून भरावे लागते.

नायट्राझेपाम आणि अल्प्राझोलाम 1 मार्च 2014 पासून लागू असलेल्या शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत, आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि प्रत्येक विक्रीनंतर डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व संख्या यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ते रजिस्टर तीन वर्षे ठेवावे लागते. शिवाय डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुलाला असे मनोव्यापारी औषध देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निवृत्त कंपाउंडर आणि दोन आजी दुकानात गेल्या आणि त्यांनी रजिस्टर पाहण्याचा हक्क आपल्याला नाही हे मान्य करून, ते लिहिले जाते की नाही एवढेच विचारले. दुकानदार संतापले. "इतक्या वर्षांची वर्गणी विसरलात का?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो पुढच्या बैठकीत अडीच तास चालला.

समझोता करून प्रकरण मिटवावे असे बहुमत होते. मी स्वतःही आरंभी त्याच बाजूला होतो, ही माझी चूक होती. औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार करण्याचा आग्रह भजनी मंडळातील बायकांनी धरला. त्यांचा युक्तिवाद साधा होता : आपण तोंडी समज दिली तर दुकानदार आपल्या ओळखीवर चालेल, आणि ओळख उद्या दुसऱ्या बाजूने वापरली जाईल. तक्रार गेली, तपासणी झाली, आणि चिठ्ठीविना विक्री थांबली. त्या वर्षीच्या पावतीपुस्तकात पहिल्या ओळीवर दुसरे नाव आले. मुले गोळ्यांसाठी नदीपलीकडच्या भागात जाऊ लागली, हे खरे आहे. तरीही ओळखीच्या काकांकडून उधारीवर स्ट्रिप मिळणे आणि वीस मिनिटे चालून अनोळखी काउंटरवर रोख पैसे मोजणे यांत चौदा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पुष्कळ अंतर असते.

पंक्चरवाल्याचा प्रश्न वेगळा होता. त्याने विचारले, "ट्यूब किसको दूँ, किसको नहीं, कानून क्या बोलता है?" कायदा काहीच बोलत नव्हता. तोडगा त्यानेच काढला. तो सुटी ट्यूब विकेनासा झाला. ज्याला चिकटवायचे असेल त्याने चाक घेऊन दुकानावर यावे. घरांतून चोरलेली पितळी भांडी विकत घेणाऱ्या अटालावाल्याने (भंगारवाल्याने) मात्र समितीला शेवटपर्यंत दाद दिली नाही.

संध्याकाळचे तीन तास

वाड्याच्या मालकांपैकी एक पुण्यात, दुसरे नागपुरात. दोघांनीही खटला चालू असताना पडकी भिंत बांधायला आणि पडवी वापरायला लेखी संमती दिली, हे या प्रकरणातील अनपेक्षित सुदैव म्हटले पाहिजे. तेथे आधी अभ्यासवर्ग सुरू केला. ज्यांच्यासाठी तो होता ती मुले सोडून सगळी आली. मग अनंत चतुर्दशीच्या झाँकीचे, म्हणजे मिरवणुकीतील हलत्या देखाव्याचे, काम तेथे हलवले. इंदूरच्या मिलमजुरांनी सुरू केलेली चलचित्रांची परंपरा या मोहल्ल्यातील आजोबांच्या हातात अजून थोडी शिल्लक होती. मोटर, कप्पी, दोरी आणि लाकडी चाक यांतून पुतळ्याचा हात कसा हलवायचा, हे मिलमध्ये फिटर राहिलेल्या एका आजोबांना येत होते. यादीत चुकून आलेला पंक्चरच्या दुकानावरचा मुलगा त्यांचा पहिला शागीर्द झाला आणि त्याच्यामागून हुंगणाऱ्यांपैकी तिघे आले. हुंगण्याच्या सवयीवर गोळी-औषधाचा ठरलेला उपाय नाही. समुपदेशन, पोटभर जेवण आणि रिकाम्या वेळेला काम, हेच दवाखान्यातूनही सांगितले गेले होते. पडवीत चार वाजता पोहे मिळू लागल्यावर उपस्थिती वाढली, याचीही नोंद करतो.

फोन

यादीच्या जागी समितीने एक फोन ठेवला. बटणांचा साधा मोबाइल, नवे सिम, आणि तो ओट्यावरच्या त्याच आजींकडे. नंबर हळदीकुंकवाच्या वाणासोबत घरोघर गेला, त्याच चिठ्ठीवर राष्ट्रीय हेल्पलाइनचा 14446 हा क्रमांकही छापला. नियम दोनच होते : ऐकलेले नाव समितीला सांगायचे नाही, आणि फोन करणाऱ्या बाईसोबत दवाखान्यात जायला कोणीतरी तयार असायचे. पहिल्या महिन्यात नुसते मिस्ड कॉल आले. आजी परत फोन लावून म्हणत, "चुकून लागला असेल गं, पण लागलाच आहे तर बोल." असे बोलणे शिकवून येत नाही.

सव्वा वर्षाच्या शेवटी स्थिती अशी होती की पहिला मुलगा दहावीला बसला होता, मधल्या काळात दोनदा गोळ्यांकडे वळून परत आला होता. कोसळलेला तेरा वर्षांचा मुलगा पडवीत येत होता. एक कुटुंब यादीच्या अपमानानंतर मोहल्ला सोडून गेले, आणि त्यांच्या मुलाचे पुढे काय झाले याचा पत्ता लागला नाही. देवासची बोलणी पुन्हा सुरू झाली नाहीत. त्या मुलीचे लग्न पुढे उज्जैनला ठरले.

दिवाळीनंतर आजींना त्यांच्या मुलाने पुण्याला नेले. फोन कंपाउंडरांकडे गेला आणि दोन महिने वाजला नाही. पुरुषाच्या आवाजाला बायका फोन ठेवून देत असत. मार्चमधील बैठकीत स्ट्रिप्स वेगळ्या बांधून देणाऱ्या आईने तो फोन आपल्याकडे मागितला. तिच्याच घरात दोनदा घसरण झाली असताना तिच्याकडे तो द्यावा की नाही, यावर बराच वेळ चर्चा झाली, आणि एकाचा विरोध नोंदवून तो तिला देण्यात आला. तिने तेथेच चार्जर मागून घेतला.